जुनी सीआर-व्ही: पुढची चाकं फिरतात, मागची ढिम्म. तपासणी कुठून सुरू करू?

अजिंक्यतारा_पायथा

नमस्कार मंडळी. गाडी होंडा सीआर-व्ही, २००४ ची, दोन लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह (गरज पडली की मागच्या चाकांनाही ताकद जाणारी). रनिंग १ लाख ६० हजार. वापर सातारा आणि आजूबाजूचे घाट.

तक्रारी दोन आहेत. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर ओल्या मुरमाचा चढ आला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि मागची ढिम्म हलत नाहीत. दुसरी तक्रार अशी की स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पार्किंगमधून हळू काढताना मागच्या सीटखालून घुर्रर्र असा आवाज येतो आणि गाडी थरथरते. सरळ रस्त्यावर काहीच नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड नाही, डॅशबोर्डवर दिवाही नाही. म्हणून "फोर व्हील ठीक आहे" असं सांगितलं गेलं. मागच्या डिफ्रन्शियलचं (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल आधी कधी बदललं, याची नोंद नाही. टायर चारही २०५/७० आर १५, पण मागचे दोन नवे आहेत आणि पुढच्यांची नक्षी जेमतेम ३ मिमी उरलीय. एकाने तर सुचवलं, प्रोपेलर शाफ्टच (पुढून मागे ताकद नेणारा लांब दांडा) काढून ठेवा, अ‍ॅव्हरेज सुधारेल. तसं मला करायचं नाही, पावसाळ्यात वर जावंच लागतं.

मुरूम_आणि_चिखल

शाफ्ट काढू नका. आणि स्कॅनरवर तर अजिबात विसंबू नका, कारण या मॉडेलच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये स्कॅनरला वाचता येईल असं काही नाहीच. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. सगळा खेळ तेलाच्या दाबावर चालतो.

मागच्या डिफ्रन्शियलच्या पुढच्या टोकाला दोन तेलपंप आहेत. एक प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वेगाने फिरतो. दुसरा मागच्या चाकांच्या वेगाने. दोन्ही वेग सारखे असतील तर एका पंपाचं तेल दुसरा ओढून घेतो आणि दाब तयार होत नाही. पुढची चाकं घसरून जास्त फिरली की पुढच्या पंपाचं जादा तेल पिस्टनवर जातं, पिस्टन क्लच प्लेटा दाबतो आणि ताकद मागे जाते. म्हणून ही यंत्रणा ठीक असतानाही पुढची चाकं आधी थोडी घसरतात, मगच मागची लागतात. जिप्सीसारखी लिव्हर टाकून आधीच चारही चाकं लागतील अशी अपेक्षा धरू नका.

आता तुमचा तो घुर्रर्र आवाज. मला तो चांगली खूण वाटतो. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात, मागची लहान. म्हणजे वेगात फरक पडतो आणि क्लचवर थोडा दाब येतो. तेल खराब असेल तर प्लेटा अलगद सरकण्याऐवजी चिकटत-सुटत राहतात, त्याचाच हा आवाज. शाफ्ट निघालेला असता किंवा ट्रान्सफरचे (गिअरबॉक्सकडून शाफ्टला ताकद देणाऱ्या गिअरचे) दात गेले असते तर हा आवाज आलाच नसता. तेव्हा संशय तेल आणि क्लच प्लेटा यांच्यावरच. एक मात्र आधी नक्की करा. पुढून टक-टक-टक येत असेल तर तो सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाच्या दांड्याचा सांधा. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर व्हील बेअरिंग.

खात्रीसाठी खालची तपासणी याच क्रमाने करा.

खाली वाकून शाफ्ट जागेवर आहे का, चारही बोल्ट आहेत का, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का, ते बघा. नंतर दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकत्यांवर) रंगाची खूण करून शाफ्ट उतरवा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, पुढची चाकं उचललेली. एकाने एक चाक धरायचं, दुसऱ्याने दुसरं हाताने फिरवायचं. गिअरबॉक्सकडचा फ्लँज फिरला की ट्रान्सफर शाबूत आहे.

शाफ्ट परत जोडून गाडी चारही बाजूंनी भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. पुढची दोनच चाकं उचलून ही इंजिन चालू ठेवायची चाचणी कधीही करू नका, मागचा क्लच लागला तर गाडी जॅकवरून उडी मारेल. हँडब्रेक पूर्ण ओढा, इंजिन चालू करून आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) डी, म्हणजे ड्राइव्हमध्ये टाका. मागची चाकं हँडब्रेकने धरलेली असल्याने क्लच लागू लागतो. पुढची चाकं अडखळली आणि इंजिनचा आवाज दबला तर क्लच पकडतोय. ती मोकळी भिरभिरत राहिली तर पकडत नाही. काही सेकंदच, जास्त नको.

बरेच जण हँडब्रेक न ओढता ही चाचणी घेतात आणि मागची चाकं फिरताना बघून खूश होतात. हवेतल्या चाकाला फिरवायला नुसता तेलाचा ओढाही पुरतो. त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

वरच्या उत्तरात तेलाचा विषय थोडक्यात आला, त्यात भर घालतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त दुखणं तिथंच असतं.

यात होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड टू, म्हणजे डीपीएफ टू, हेच लागतं. बरीच गॅरेजं मागचं हौसिंग दिसलं की सवयीने ९० नंबरचं गिअर ऑइल ओततात. ते तेल घट्ट असतं आणि त्यातली रसायनं गिअरच्या दातांसाठी असतात, कागदी अस्तराच्या क्लच प्लेटांसाठी नाहीत. साधं एटीएफही (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालत नाही. काढलेल्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असेल तर समजा ९० नंबरच आहे.

बदलताना आधी वरचा, म्हणजे भरायचा प्लग सैल करा. तो निघाला तरच खालच्याला हात लावा, नाहीतर तेल बाहेर आणि भरायला वाट नाही अशी गत होते. दोन्हींना ३/८ इंची चौकोनी खाच असते, लांब टॉमी सरळ बसवून एकदम झटका द्या. पाइप रेंच नको, हौसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे. नवीन वॉशर, ४७ न्यूटन-मीटर ताण. तेल साधारण एक लिटर बसतं, वरच्या भोकातून बाहेर येऊ लागलं की थांबायचं. गाडी सपाटीवरच हवी.

तीन लिटर घ्या. पहिल्यांदा भरून मोकळ्या मैदानात डावीकडे-उजवीकडे इंग्रजी आठच्या आकड्यात दहा-बारा चकरा मारा, काढा, पुन्हा भरा. तिसरा लिटर हाताशी असू द्या.

आमच्याकडे २०१९ आणि २०२१ च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांना आणखी एक गोष्ट बघावी लागते. हौसिंगच्या वर ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची टोपीवाली वाट असते. गरम हौसिंग पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, प्लेटांचं अस्तर सुटतं. साताऱ्यात पूर नसेल, पण ओढा ओलांडताना तेच होतं. आणि तुमच्याकडच्या तांबड्या चिखलाने ब्रीदर बुजला तर उलटं, आत दाब वाढून सीलमधून तेल गळतं. ब्रशने साफ करून टोपी सहज हलतेय का बघा.

टायरचंही बोललं पाहिजे. नवी नक्षी ८ मिमी धरली तर तुमच्या पुढच्या टायरचा व्यास १० मिमीने कमी आहे. ६६८ मिमीवर तो जवळजवळ दीड टक्का होतो. म्हणजे दर किलोमीटरला पुढची चाकं सात फेरे जास्त फिरतात. मागचा पंप पुढच्यापेक्षा अडीच टक्के मोठा ठेवलाय तो याचसाठी, थोडी झीज तो पचवतो. पण त्यात पुढे हवा कमी असली किंवा वळणं आली की मर्यादा संपते आणि क्लच सतत घासत राहतो. चारही टायर एकाच कंपनीचे, सारख्या झिजेचे हवेत. आता पुढचे दोन बदलाच, नंतर नियमाने अदलाबदल करत राहा.

अजिंक्यतारा_पायथा

दोघांचेही आभार. सांगितलं तसंच केलं. शाफ्ट जागेवर आहे, ट्रान्सफरचा फ्लँज फिरतो. तेल पाऊण लिटरच निघालं, काळं, घट्ट, उग्र वासाचं. दुधाळ नव्हतं. डीपीएफ टू दोनदा बदललं. वळतानाचा आवाज जवळजवळ गेला. पण घोड्यांवरच्या चाचणीत पुढची चाकं मोकळीच फिरतात, इंजिन दबत नाही. आता उघडावंच लागेल का?

गिअर_आणि_ग्रीस

हो, आता उघडा. आवाज गेला म्हणजे प्लेटा चिकटत नाहीत, पण पकडतही नाहीत. ९० नंबर मुरल्यामुळे अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं असणार. आणखी तेल ओतून ते परत खरखरीत होणार नाही.

भीती नको, क्लच आणि पंप हौसिंगच्या पुढच्या भागात आहेत. मागचे क्राउन-पिनियन (मुख्य गिअरची जोडी) अजिबात सोडवू नका. त्यांची सेटिंग शिमवर (पातळ चकत्यांवर) असते, ती बिघडली तर कायमची रडगाणी मागे लागतात.

तेल काढा, शाफ्ट खूण करून उतरवा, मागचे ड्राइव्ह शाफ्ट सोडवा, हौसिंगला जॅकचा आधार देऊन माउंट काढा. टेबलावर फ्लँजचा नट सोडवा, तो नवीनच लागतो. पुढच्या केसचे बोल्ट आलटून-पालटून समोरासमोरचे सैल करत न्या. आत पंप, पिस्टन आणि क्लच प्लेटांची चळत दिसेल. निघेल तशी ओळीने कापडावर मांडा आणि फोटो काढा. अस्तराच्या प्लेटा काळ्या किंवा चकचकीत, लोखंडी प्लेटा निळ्या पडलेल्या असतील तर संपूर्ण संच बदला. अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या हा प्रयोग टिकत नाही. पंपाच्या आतल्या बाजूवर नखाला लागतील असे ओरखडे असतील तर नवीन प्लेटाही वाया जातील. मग अख्खं युनिटच बघा.

बसवण्याआधी नवीन अस्तराच्या प्लेटा डीपीएफ टू मध्ये बुडवून ठेवा, रात्रभर ठेवल्या तर उत्तम. आतली जाळी धुवा. ओ-रिंगा आणि फ्लँजचं सील नवीन. केसच्या कडेला ट्यूबमधलं लिक्विड गॅस्केट पातळ आणि एकसारखं लावा. जास्तीचं आत तुटून जाळीत अडकलं की पंपाला तेल मिळत नाही आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण चांगल्या हातांकडूनही चूक इथंच होते.

जुनं युनिट घ्यायचं ठरलं तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतं. २००७ नंतरच्या मॉडेलचं घेऊ नका, रचना वेगळी आहे. प्लग उघडायला लावून तेलाचा वास आणि रंग बघा, फ्लँज हाताने फिरवून कुठं अडकतो का बघा. शाफ्टचे जॉइंट किंवा सेंटर बेअरिंग बदललं तर बॅलन्सिंग करूनच घ्या. कुपवाड एमआयडीसी किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी करा.

बसवल्यावर तीच घोड्यांवरची चाचणी पुन्हा घ्या. नंतर मोकळ्या मुरमावर एकाला बाजूला लांब उभं करून हळू चढवा. पुढची चाकं किंचित फिरली की मागच्या चाकांनी मुरूम मागे उडवला पाहिजे. दुसऱ्या दिवशी गाडी गार असताना तेलाची पातळी बघा, आत हवा राहिलेली असते म्हणून थोडं खाली जातंच.

आणि कधी टोचन करायची वेळ आली तर पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर घसटत नेऊ देऊ नका. खंबाटकीत क्रेनवाला घाई करेल, तरी सपाट ट्रकच मागवा. नाहीतर नवीन प्लेटा एकाच फेरीत जळतील.