डिझेलच्या बस सीएनजीवर करणं खरंच परवडतं का?

धागाकर्ता: कंपन्यांच्या पाळ्यांना माणसांची ने-आण करणाऱ्या ज्यांच्या पाच-दहा बस आहेत, त्यांनी आता डिझेल सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशेब धरा: डिझेल 90 रुपये, लिटरला 6 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 15 रुपये. सीएनजी 80 रुपये किलो, किलोला साडेसहा, म्हणजे 12 रुपये 30 पैसे. रोज 200 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस धावली तर बसमागे 1 लाख 60 हजार सुटतात. बदलायला 4 लाख धरले तरी अडीच वर्षांत वसूल. शाळेच्या बसचं वेगळं. वर्षाला जेमतेम 11 हजार किलोमीटर होतात, तिथे तेच 4 लाख फिटायला 13 वर्षं जातील.

टेंपोमालक: 80 चा दर टिकेल कशावरून? मुंबईत 2021 च्या सुरुवातीला 50 च्या आत होता, नोव्हेंबर 2022 ला 89.50 झाला. तेही राज्याने त्याच एप्रिलमध्ये व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणल्यावर! शिवाय पंपावरची रांग. प्रेशर नसलं की टाकी 200 बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) पूर्ण दाबाऐवजी 150 वरच भरून गाडी काढावी लागते आणि दुसऱ्या पाळीआधी परत रांगेत. ड्रायव्हरचे ते तास तुम्ही धरलेच नाहीत.

धागाकर्ता: 89.50 नेही मांडून बघा. डिझेल तेवढंच राहिलं तर वर्षाला 74 हजार वाचतात, वसुली साडेपाच वर्षांवर जाते. गाडी तेवढी वर्षं चालणार असेल तरच हात घाला. रांगेचं मात्र खरं आहे, जवळ चांगला पंप नसेल तर माझा हिशेब लागू नाही.

गॅरेजवाला: दादा, मूळ मुद्दा राहिला. सीएनजी पेटवायला ठिणगी देणारा स्पार्क प्लग लागतो, तो डिझेल इंजिनाला नसतो. हेड खोलून प्लग बसवा, कॉम्प्रेशन कमी करायला पिस्टन बदला, मग आरसीवर नोंद, दर 3 वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. जुन्या इंजिनावर एवढा खर्च करू नका. जुनी विका, कंपनी फिटेड सीएनजी घ्या.

दिल्लीकर मराठी: सगळे मालकाचाच गल्ला मोजताय. इथे 1998 ला सुप्रीम कोर्टाने सिटी बस सीएनजीवर आणायचा आदेश दिला, मुदत मार्च 2001 ची होती, शेवटच्या डिझेल सिटी बस निघायला 2002 चा डिसेंबर उजाडला. धुरातून सुटका झाली ती श्वास घेणाऱ्या प्रत्येकाची, खर्च मात्र बसवाल्यावर पडला.

टेंपोमालक: म्हणूनच म्हणतो, फायदा सगळ्या शहराचा असेल तर बदलायच्या खर्चात सरकारनेही वाटा उचलावा. एकट्या मालकाने हप्ते का भरायचे?