सुगंधी तेलांनी कीड खरोखर जाते का?

ज्या पोस्टवरून वाद सुरू झाला ती: एक लिटर पाण्यात लवंग, पुदिना आणि गवती चहाच्या तेलाचे वीस-वीस थेंब टाकून एक दिवसाआड सकाळी फवारावे. मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी सगळे जातात आणि झाडाची प्रतिकारशक्ती वाढते. नैसर्गिक असल्याने अपाय शून्य!

गच्चीबाग, जुळे सोलापूर: हीच पोस्ट पुन्हा पुन्हा फिरते आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ‘अपाय शून्य’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की लवंगेचे तेल अमेरिकेत तणनाशकातही वापरले जाते. त्यातील युजेनॉल पानातील पेशींची आवरणे फोडते, आणि ते तणाला मारून मिरचीच्या रोपाला सोडून देईल अशी काही सोय त्यात नाही. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसच्या आसपास जातो आणि सिमेंटची गच्ची त्याहून तापते. अशा दिवसांत सकाळी तेल फवारले की दुपारपर्यंत पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत वाळतात. प्रतिकारशक्तीचे तर नावच काढू नये. ही तेले काही तासांत उडून जातात.

जास्वंदप्रेमी, रेल्वे लाइन्स: काका, आपण प्रमाण चुकवणाऱ्यांचा राग तेलावर काढत आहात. मी थोडेसेच तेल घेते, संध्याकाळी फवारते आणि आधी एका फांदीवर वापरून पाहते. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावरचा मावा त्याने जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि कडुनिंबाचे तेल आपणही वापरताच ना? ते चालते आणि गवती चहाचे चालत नाही, हा कुठला न्याय?

गच्चीबाग, जुळे सोलापूर: ताई, दोन्ही एका पंगतीत बसवू नका. कडुनिंबाचे तेल बियांतून दाबून काढतात, ते असे उडून जात नाही. त्यातील अझाडिरॅक्टिनमुळे कीड खाणे सोडते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. तुमचे तेल अंगावर पडलेल्या किडीला मारते, पानामागे लपलेली मात्र शाबूत राहते.

बोअरचे पाणी, विजापूर रोड: दोघेही पाण्याबद्दल बोलतच नाहीत! तेल पाण्यात मिसळायचे तर साबण लागतो. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून साका करतात, तेल वर तरंगते आणि पंपाची नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे आधी नुसते पाणी उडते आणि शेवटी जवळजवळ शुद्ध तेल. ज्या कुंड्या शेवटी येतात त्या जळतात. नळाचे पाणी आमच्याकडे चार दिवसांनी येते, ते प्यायचे की फवारायचे?

जास्वंदप्रेमी, रेल्वे लाइन्स: म्हणूनच मी रिठ्याचे पाणी वापरते. त्याचा फेस जड पाण्यातही मोडत नाही, त्यामुळे साका होत नाही. बाजारातला महागडा ‘जैविक साबण’ घेण्याची गरजच काय?

बोअरचे पाणी, विजापूर रोड: रिठा चालतो, पण तो रात्रभर भिजवायचा, उकळायचा, दुहेरी फडक्यातून गाळायचा, नाहीतर गाळाने नोझल बुजते. नोकरी करणाऱ्याने हे केव्हा करायचे? त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी गोळा करा, त्यात क्षार नसल्यातच जमा असतात.

गच्चीबाग, जुळे सोलापूर: एसी सगळ्यांकडे असतो हे गृहीत धरणे थोर आहे.

डाळिंबवाला, सांगोला: गच्चीवरच्या मंडळींचा वाद रंगला आहे, पण अशाच एका विक्रेत्याने आमच्या भागात गवती चहाचे तेल डाळिंबावरच्या ‘तेल्या’ रोगाचे औषध म्हणून खपवले. तेल्या जिवाणूंमुळे होतो, आणि पावसाळी दमट हवेत पसरतो. त्यात बाग वाचवायची तर रोगट फांद्या छाटून नष्ट कराव्या लागतात आणि कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी लागते. प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू मेला म्हणजे एकरभर बागेतही मरतो, असे मानणाऱ्यांनी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात एकदा विचारून यावे.

जास्वंदप्रेमी, रेल्वे लाइन्स: तेल्यावर चालते असे मी म्हटलेच नव्हते! माझ्या माव्याचा विषय तुमच्या एकरात नेऊन मला खोटे ठरवू नका.

गच्चीबाग, जुळे सोलापूर: ठीक आहे ताई, कोवळ्या शेंड्यावरचा मावा, संध्याकाळची वेळ, पातळ प्रमाण आणि रिठ्याचे पाणी, इतक्या अटी पाळल्या तर तुमचे तेल चालते, हे मान्य. मात्र पिठ्या ढेकणाच्या मेणचट कापसावरून ते घसरते, तिथे जुन्या दातघासणीने खरवडण्याला पर्याय नाही. आणि घरात मांजर असेल तर टी ट्री तेलाची बाटली आणूच नका.

जास्वंदप्रेमी, रेल्वे लाइन्स: दातघासणी माझ्याकडेही आहे, काका. पोस्ट लिहिणाऱ्यांनी मात्र अजून एकही उत्तर दिलेले नाही, हे कोणाच्या लक्षात आले का?