स्ट्रिंग सेक्शनसाठी सॅम्पल लायब्ररी सुचवा

मंद्रसप्तक:
लघुपटांना पार्श्वसंगीत देतो. पियानो, तालवाद्यं नीट जमतात, पण व्हायोलिन-चेलो आले की हे कीबोर्डवर वाजवलंय हे लगेच कळतं. चाली बहुतेक संथ असतात. १६ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. एकच सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांचा संच) घ्यायची तर कोणती घ्यावी?

अनाहत:
लगेच पैसे घालवू नका. आधी स्पिटफायर कंपनीची बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर उतरवून घ्या. फुकट आहे आणि जेमतेम २०० एमबीची, त्यामुळे रॅमची चिंता नाही. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत बीबीसीच्याच वादकांकडून ती वाजवून घेतली आहे. तिच्यात लेगाटो (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं) नाही, पण तुमचा खरा प्रश्न कुठे आहे हे तिच्यावरच कळेल.

चेलोचा एकच लांब स्वर घ्या. मॉडव्हील, म्हणजे कीबोर्डवरचं चाक (मिडी कंट्रोल क्रमांक, सीसी १), ० ते १२७ पैकी चाळीसच्या आसपास ठेवून सुरुवात करा, स्वराच्या मध्यापर्यंत पंच्याऐंशीवर न्या आणि सोडताना तिशीपर्यंत उतरवा. नुसता आवाज वाढत नाही, हळू वाजवलेलं रेकॉर्डिंग जोरकस रेकॉर्डिंगमध्ये मिसळत जातं आणि स्वराचा पोत बदलतो. सीसी ११ ने फक्त आवाज कमी-जास्त होतो. चाक एका जागी ठेवून वाजवलं तर कितीही महागडी लायब्ररी निर्जीवच वाटणार, यावर मी ठाम आहे.

मंद्रसप्तक:
चाक मी कधी हलवलंच नव्हतं! आणि कॉर्ड्स? दोन्ही हातांनी एन्सेम्बल पॅचवर (सगळी स्ट्रिंग्ज एकत्र देणाऱ्या आवाजावर) वाजवतो.

गजगामिनी:
तिथेच गोंधळ होतोय. एन्सेम्बल पॅचवर तीन स्वर दाबले की तीन वेळा अख्खा सेक्शन वाजतो, म्हणून सगळं फुगल्यासारखं ऐकू येतं. पहिली व्हायोलिन्स, दुसरी व्हायोलिन्स, व्हायोला, चेलो, बेस असे पाच ट्रॅक करा आणि प्रत्येकाला एकच ओळ द्या. वेळ जातो, पण कॉर्ड बदलताना आतले स्वर कसे सरकतात ते ऐकून तुम्हालाच आनंद होईल.

विकत घ्यायची झाली तर संथ चालींसाठी माझं मत सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्जला. सेक्शन आटोपशीर आहे, पहिली व्हायोलिन्स १० आणि चेलो ६. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणं इतकं गोड की ऐकतच राहावं. व्हेलॉसिटीनुसार, म्हणजे की किती जोरात दाबली त्यानुसार, लेगाटोचा वेग बदलतो, अगदी हलक्या स्पर्शाला पोर्टामेंटो (घसरत जाणारा स्वर) मिळतो. मात्र संथ लेगाटोत स्वर सुमारे ३३० मिलिसेकंद उशिरा पोचतो, वेगवान लेगाटोत साधारण १००. म्हणून ट्रॅकवर नोट्स तेवढ्या आधी सरकवाव्या लागतात.

अनाहत:
लेगाटोबद्दल सहमत. पण प्रतिध्वनी (रिव्हर्ब) स्वतःच्या हातात हवा असेल तर व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररीची सायलेंट स्टेज या स्टुडिओत रेकॉर्ड केलेली जुनी स्ट्रिंग्ज ऐका. कोरडी आहेत, त्यामुळे रिव्हर्ब तुम्हालाच द्यावा लागतो, पण बाकीच्या वाद्यांच्या खोलीत ती चपखल बसवता येतात.

मंद्रसप्तक:
मग डिस्कव्हरवर पाच ट्रॅक करून चाकाचा सराव करतो, लेगाटोचं नंतर बघू. लायब्ररी चालवणारं कॉन्टॅक्ट सॉफ्टवेअर विकत घ्यावंच लागेल का?

गजगामिनी:
लायब्ररीवर अवलंबून आहे. काही मोफत कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालतात, काहींना पूर्ण कॉन्टॅक्ट लागतं. तशी लायब्ररी प्लेअरमध्ये उघडली तर १५ मिनिटांनी बंद पडते. पैसे भरण्याआधी लायब्ररीच्या पानावर कोणतं कॉन्टॅक्ट लागतं ती ओळ नक्की वाचा.