मदत हवी आहे: निर्वासित छावणीत पिण्याच्या पाण्याच्या कामावर जाणाऱ्या अभियंत्याला सहा आठवड्यांत काय शिकवावे?

नमस्कार.

माझी भाची स्थापत्य अभियंता आहे. एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या पाणी व स्वच्छता विभागात तिची निवड झाली असून सहा आठवड्यांनी तिला चाड देशाच्या पूर्व सीमेवर, आद्रे या गावाच्या परिसरात रुजू व्हायचे आहे. एप्रिल 2023 मध्ये सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, तेव्हापासून सुदानच्या पश्चिमेकडील दारफुर प्रदेशातली लाखो माणसे ही सीमा ओलांडून आली आहेत. तो मुलूख कोरडा आहे. कूपनलिका, टँकर आणि पावसाळ्याव्यतिरिक्त कोरड्या असणाऱ्या नदीपात्रांत खणलेले खड्डे यांच्यावर तिथली तहान भागते, आणि पावसाळ्यात त्याच नद्यांना पूर येऊन टँकरचे रस्ते बंद होतात.

मी मुंबईत पाणीपुरवठ्याच्या नोकरीत आयुष्य काढले आणि आता निवृत्त आहे. त्यामुळे "मामा, मला काय काय शिकवाल?" हा तिचा प्रश्न घरातल्या घरात सुटेल असे सर्वांना वाटले होते. दोन महिने वाचन केल्यावर माझी खात्री झाली आहे की माझ्या ज्ञानापैकी निम्मे तिथे निरुपयोगी आहे आणि उरलेले निम्मे कोणते हे मला एकट्याला ठरवता येत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

आधी माझा एक गैरसमज सांगतो, कारण तो इतरांचाही असू शकेल. युद्धात पाणी बंद होते ते बॉम्ब पडून जलवाहिनी फुटते म्हणून, असे मी धरून चाललो होतो. वाहिन्या फुटतात हे खरेच आहे, परंतु पुष्कळदा वाहिनी शाबूत असते, उद्भवात, म्हणजे पाण्याच्या मूळ स्रोतात, पाणी असते, आणि तरी नळ कोरडा असतो, कारण वीज नाही, डिझेल नाही, क्लोरिन नाही, किंवा पंपावरचा माणूस जीव वाचवण्यासाठी गाव सोडून गेला आहे. इराकमध्ये 1991 साली वीजकेंद्रांवर हल्ले झाले आणि त्यापाठोपाठ जलशुद्धीकरण व मलनिस्सारण दोन्ही कोलमडले. सीरियातील हसाके शहराला पाणी देणारे अलूक पंपिंग स्टेशन ऑक्टोबर 2019 मध्ये तुर्की लष्कर व त्याच्या मित्रगटांच्या ताब्यात गेले, तर त्याला वीज पुरवणारे दरबासिया उपकेंद्र कुर्दांच्या नेतृत्वाखालील दलांच्या हद्दीत होते. मग एका बाजूने पाणी तोडायचे आणि दुसरीने वीज, असा खेळ वर्षानुवर्षे चालला आणि सुमारे 4 लाख 60 हजार माणसे त्यात भरडली गेली. आपल्याकडे 18 जुलै 2021 रोजी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचे पाणी शिरून विद्युत यंत्रणा बंद पडली होती, तो दिवस मुंबईकरांना आठवत असेल. बाहेर मुसळधार पाऊस आणि घरातला नळ कोरडा, अशी ती अवस्था होती. ती थोडक्यात आटोपली, कारण दुरुस्तीला जाणाऱ्या माणसावर कोणी गोळी झाडणार नव्हते.

युक्रेनमधील मिकोलाइव शहराचे उदाहरण मात्र मला अभियंता म्हणून अधिक अस्वस्थ करते. एप्रिल 2022 मध्ये नीपर नदीवरून येणारी त्यांची मुख्य वाहिनी निकामी झाली. सुमारे महिनाभर शहर नळाच्या पाण्यावाचून राहिले आणि नंतर निरुपायाने खाडीचे खारे पाणी वितरणजाळ्यात सोडावे लागले. लोकांना निदान संडासात ओतायला पाणी मिळाले, पण त्या मिठाने शहरभरच्या नळ्या आतून खाल्ल्या. आजची निकड भागवताना उद्याचे जाळे खर्ची पडते, हा निर्णय मी कधी घेतला नसता. पण मला तो कधी घ्यावाही लागला नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येतो. मदतकार्याच्या 'स्फिअर' मानकांनुसार माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, एका नळामागे जास्तीत जास्त 250 माणसे, घरापासून नळ 500 मीटरच्या आत आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त थांबावे लागू नये, असे अपेक्षित असते. आपल्याकडे शहरी योजना माणशी 135 लिटर धरून आखतात, तेव्हा 15 लिटर म्हणजे काय याची कल्पना यावी म्हणून मी भाचीला एक दिवस तेवढ्या पाण्यात आंघोळ, स्वयंपाक, भांडी आणि पिणे सारे उरकायला लावले. संध्याकाळी तिची आई माझ्याशी बोलत नव्हती. त्याहून बोलका हिशेब नळाचा आहे. 250 माणसांना 15 लिटर म्हणजे 3750 लिटर, आणि मिनिटाला साडेसात लिटर देणारा नळ तेवढे पाणी द्यायला 500 मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे, अखंड चालावा लागतो. मुंबईतल्या कित्येक वस्त्यांत पाणी सुटते ते तास-दीड तास. माझी सारी कारकीर्द 'पाणी किती वाजता सोडायचे' यात गेली असल्यामुळे दिवसभर वाहणाऱ्या नळाचे व्यवस्थापन मला खरोखरच येत नाही. नळावर तंटे होतात तेव्हा रांग कोण लावते, रात्री नळ बंद कोण करते, म्हाताऱ्यांचे पाणी कोण पोहोचवते, याविषयी ज्यांनी छावण्यांत काम केले आहे त्यांनी लिहावे.

माझे स्वतःचे मत असे की पंप आणि टाक्यांपेक्षा आधी तिने चावीवाला शोधावा. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, रस्त्यावरच्या व्हॉल्व्हच्या चाव्या फिरवून कोणत्या वस्तीला कधी पाणी द्यायचे हे प्रत्यक्षात आणणारा कामगार म्हणजे चावीवाला. नकाशावर नसलेली जोडणी त्याच्या डोक्यात असते. दारफुरमधून आलेल्या लाखो माणसांत कोणी ना कोणी पंपचालक, नळजोडणी करणारा, विहीर खणणारा असणारच. मदतसंस्था बाहेरून माणसे नेण्यापूर्वी त्यांना शोधतात का, आणि शोधल्यास पगार देतात की 'स्वयंसेवक' म्हणून राबवतात?

दुसरा प्रश्न क्लोरिनचा. आपल्या ग्रामपंचायतींत ज्याला टीसीएल म्हणतात त्या ब्लीचिंग पावडरमध्ये ताजेपणी साधारण 33 टक्के उपयुक्त क्लोरिन असतो आणि उष्णतेने व दमटपणाने तो उतरत जातो. दहा हजार लिटरच्या टँकरला लिटरमागे 3 मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर 30 ग्रॅम क्लोरिन, म्हणजे ताजी पावडर सुमारे 90 ग्रॅम लागते. तीच पावडर उन्हातल्या गोदामात राहून 20 टक्क्यांवर आली असेल, तर 90 ग्रॅममधून मिळतो फक्त 18 ग्रॅम क्लोरिन. नोंदवहीत मात्रा बरोबर आणि पाणी मात्र अपुरे शुद्ध, हा प्रकार मी आपल्याकडेही पाहिला आहे. तिथल्या उन्हात साठा कसा सांभाळावा?

'ही चिंता अभियंत्यांची, डॉक्टरांनी करायची ती वेगळी' असे कोणी म्हणेल म्हणून एवढे नमूद करतो की युनिसेफने 2019 साली 16 संघर्षग्रस्त देशांचा अभ्यास केला, तेव्हा तिथली पाच वर्षांखालील मुले प्रत्यक्ष हिंसाचारापेक्षा असुरक्षित पाणी व अस्वच्छतेमुळे होणाऱ्या अतिसाराने दगावण्याची शक्यता वीस पटींहून अधिक आढळली.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

मी लष्कराच्या इंजिनिअर दलातून निवृत्त झालो असून दक्षिण सुदानमधील मलाकाल येथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो. तेथील पाणी पांढऱ्या नाईलचे, म्हणजे गढूळ. गढूळ पाण्यात कितीही क्लोरिन ओता, तो आधी गाळच खातो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. त्यामुळे आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, मग क्लोरिन घालून किमान अर्धा तास थांबावे आणि त्यानंतरच तपासावे. पावडरीऐवजी सुमारे 70 टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट मागवावे. तेही सावलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डिझेलपासून दूर ठेवावे, कारण इंधनाशी संपर्क आल्यास ते पेट घेते.

परंतु आपण तपासणी कुठे करता, हा माझा आपल्याला उलट प्रश्न आहे. नळावर लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरिन सापडला की अभियंता समाधानाने जेवायला जातो, आणि तेच पाणी झोपडीत उघड्या बादलीत पोहोचून त्यात हात बुडतात. दक्षिण सुदानमध्येच माबान भागातील छावण्यांत 2012 साली हिपॅटायटिस ई या दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची साथ पसरली होती, आणि हा आजार गरोदर स्त्रियांना सर्वांत घातक ठरतो. आपल्या भाचीने रोज दहा झोपड्यांत जाऊन, आदल्या दिवशी भरलेल्या भांड्यातले पाणी तपासावे. चावीवाल्याविषयी आपले म्हणणे बरोबर आहे; मात्र नळसमितीत पाणी भरणाऱ्या बायका नसतील तर ती समिती कागदावरच राहते.

प्रतिसाद २

मी वकील आहे, त्यामुळे दोनच वाक्ये. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधील कलम 54 नुसार नागरिकांना जगण्यासाठी आवश्यक असलेली पाण्याची साधने नष्ट वा निकामी करण्यास मनाई आहे, आणि एप्रिल 2021 मधील सुरक्षा परिषदेच्या ठराव 2573 नेही त्यांच्या संरक्षणाचा आग्रह धरला आहे. पंप कोणत्या तारखेला, किती तास आणि कशामुळे बंद होता याची साधी रोजवही तिने ठेवावी, कारण पुढे कधी कोणी जाब विचारलाच, तर अशीच वही पुराव्याच्या उपयोगी पडते.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. मलाकालच्या अनुभवाने माझी झोप उडाली, कारण मीही आयुष्यभर नळावरच तपासत आलो.

काल आम्ही गच्चीवर प्रयोग मांडला. एकाच नळाचे पाणी, सारखी मात्रा, आणि तीन भांडी: अरुंद तोंडाचा जेरीकॅन, झाकणाचे पिंप आणि उघडी बादली. बादलीतून घरातल्या सर्वांनी नेहमीप्रमाणे तांब्या बुडवून पाणी घ्यायचे, असे ठरले. माझ्याकडे ओटीच्या (ऑर्थोटोलिडिन, पाण्यात क्लोरिन असल्यास पिवळा रंग देणारे रसायन) तपासणीचा जुना संच होता, तोच वापरला. संध्याकाळी बादलीच्या पाण्याला पिवळा रंग चढलाच नाही, पिंपाला जेमतेम चढला, आणि जेरीकॅनमध्ये तो आज सकाळीही स्पष्ट होता. भाचीने रोजवहीची सुरुवात याच नोंदीने केली आहे. तिथे क्लोरिन असल्यास पाण्याला गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्या वापरतात असे तिला संस्थेकडून समजले, तेव्हा त्या मागवल्या आहेत.

एक विनंती उरते. तिथे फ्रेंच आणि अरबी दोन्ही चालतात, आणि झोपडीत जाऊन बायकांशी बोलायचे तर अरबीला पर्याय दिसत नाही. दादर ते मुलुंड या पट्ट्यात सुदानी किंवा चाडी वळणाची बोलीभाषेतली अरबी शिकवणारे कोणी ठाऊक असल्यास कृपया कळवावे. पुस्तकी अरबीचा वर्ग आम्हाला सापडला आहे, पण त्यात पहिले तीन आठवडे लिपीतच जाणार असे दिसते.