अनुभव धागा: फर्स्ट-पर्सन शूटरकडून तुम्हाला नेमकं काय हवंय?

बी साइट
शूटर गेमचा, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून बघत गोळ्या झाडायच्या खेळाचा, विषय निघाला की गाडी लगेच ग्राफिक्स कार्डावर नाहीतर 'मुलं बिघडतात' यावर जाते. खेळणाऱ्याला काय हवंय, हे मात्र राहूनच जातं. म्हणून हा धागा. कुठला गेम, त्यात काय भावलं, कुठे डोकं फिरलं, ते सविस्तर लिहा. 'हा भारी, तो भिकार' एवढ्यावर थांबू नका.

सुरुवात मी करतो. कॉलेजात असताना पुण्यातल्या सायबर कॅफेत आम्ही लॅनवर (एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरांवर) काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. पुढे २०१२ साली त्याच मालिकेतला ग्लोबल ऑफेन्सिव्ह आला आणि त्यातल्या एके-४७ ने मला चांगला गेम म्हणजे काय ते शिकवलं. ट्रिगर दाबून धरला की नळी आधी वर चढते, मग डावी-उजवीकडे सरकते, आणि तो मार्ग दरवेळी तोच असतो. रिकाम्या नकाशात (खेळाच्या मैदानात) भिंतीवर गोळ्या झाडायच्या, छिद्रांची नक्षी बघायची, माऊस तितकाच उलटा खाली ओढायचा. जमायला फार वेळ लागतो, पण जमलं की ते आपलं. कुठल्याही स्किनच्या (बंदुकीच्या विकतच्या सजावटीच्या) पैशाने ते विकत मिळत नाही. मला शूटरमध्ये हेच हवंय: हरलो तर का हरलो ते कळावं, आणि सुधारायची वाट मोकळी असावी.

खानदेशी
बी साइट, 'का हरलो ते कळावं' यावर शंभर टक्के सहमत. आमच्याकडे ते कळतच नाही, आणि त्याला कारण पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. मुंबईच्या सर्व्हरवर सामना लागला तर ठीक चालतं. रात्री उशिरा माणसं कमी पडली की सिंगापूरला ढकलतात आणि मग खेळच बदलतो. मी भिंतीआड पोचलेलो असतो, माझ्या स्क्रीनवर समोर फक्त वीट दिसते, आणि तरी मेलेला असतो. बऱ्याच गेममध्ये सर्व्हर गोळी मारणाऱ्याच्या स्क्रीनवर त्या क्षणी काय दिसत होतं ते धरून निकाल देतो. त्याच्या दृष्टीने मी अजून कोपऱ्यावरच उभा होतो. हे तंत्र मुळात चुकीचं नाही, नाहीतर लांबून खेळणाऱ्याची एकही गोळी लागणार नाही. पण सामना लागण्याआधी सर्व्हर कुठला आणि पिंग किती ते दाखवा, नको म्हणायची मुभा द्या, आणि मेल्यावर तोच क्षण समोरच्याच्या नजरेतून दाखवा. निम्मा राग तिथेच जाईल.

निळी शाई
माझी अडचण वेगळी आहे. माइक सुरू केला, आवाज बाईचा आहे हे कळलं, की सामना संपेपर्यंत काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहिणार नाही. तक्रारीचं बटण असतं, पण पुढे काय झालं ते कित्येकदा कळतच नाही. मी बोलणंच सोडलं होतं, आणि न बोलता टीम गेम खेळायचा म्हणजे हरणं ठरलेलं.

मग एपेक्स लेजंड्स (२०१९) हाती लागला. त्यात माऊसचं मधलं बटण दाबलं की आपण बघतोय त्या जागेवर खूण उमटते आणि आपलं पात्रच बोलतं: इथे शत्रू आहे, इथे गोळ्या आहेत, मी इकडे जातेय. टीममेट त्यावर एका बटणात होकार देतो. अनोळखी दोघांबरोबर एक शब्दही न बोलता मी सामने जिंकले आहेत. खेळताना आपलं कोणी ऐकतंय, हे मला कित्येक महिन्यांनी अनुभवायला मिळालं. ही सोय प्रत्येक टीम शूटरमध्ये हवी. तक्रार केल्यावर कारवाई झाली की नाही तेही स्पष्ट कळवायला हवं.

मावळती
वय पन्नाशीच्या पुढे. मला शूटर आवडतात, पण बऱ्याच गेममध्ये थोड्याच वेळात मळमळायला लागतं, कपाळावर घाम येतो. दृष्टीचा कोन साठ-पासष्ट अंशांवर अडकवलेला असला की नळीतून बघत पळल्यासारखं होतं. तोच नव्वदच्या पुढे नेला, चालताना डोकं हलणं आणि वळताना स्क्रीन पुसट होणं बंद केलं, की मी आरामात खेळते. एवढं सेटिंग सगळीकडे द्या, आणि पहिलं दृश्य सुरू व्हायच्या आधी द्या. काही गेम सुरुवातीचा सगळा धावपळीचा प्रसंग संपल्यावर मेनू उघडू देतात, तोवर मी खुर्चीतून उठलेली असते.

रात्रपाळी
मावळतीताई, +१. मला लाल-हिरवा रंग नीट ओळखू येत नाही. व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटरमध्ये शत्रूची कड पिवळी करता येते. झुडपाजवळ उभा असलेला माणूस मला त्यानंतर दिसायला लागला. यापलीकडे माझं मागणं नाही.

आजोळ
सगळे ऑनलाइनवर बोलताय, एकट्याने खेळायच्या गेमसाठी कोणीतरी भांडायला हवं!

आमच्या पिढीच्या कितीतरी घरांत पहिला शूटर म्हणजे प्रोजेक्ट आय.जी.आय. (२०००). मिशनच्या मध्ये सेव्ह नाही. शत्रूचा सगळा तळ पार करून शेवटच्या दारात मेलात, की परत कुंपणापासून सुरू. तरी खेळायचो, कारण तळाच्या आत कसं शिरायचं ते आपण ठरवायचो. लांब टेकडीवर बसून दुर्बिणीतून पहारेकरी मोजायचे, कॅमेरे कुठून बंद होतात ते शोधायचं, मग उतरायचं. आज सेव्ह आहे, पण किती गेममध्ये सरळ बोळ, दोन्हीकडून शत्रू, मध्ये सिनेमा!

शत्रूंच्या हुशारीचं म्हणाल तर २००५ चा फिअर अजून खेळून बघा. सैनिक टेबलं उलथवून आडोसा करतात, दुसऱ्या दाराने मागे येतात, तुम्ही कुठे लपलात ते एकमेकांना ओरडून सांगतात. ते ओरडणं ऐकूच पुढची चाल ठरवावी लागते. वीस वर्षांत पडद्यावरची पानं-फुलं कितीतरी सुंदर झाली, शत्रू मात्र अजून खोक्यामागून डोकं वर काढून गोळी खायची वाट बघतो. याचा मला मनापासून राग येतो. ग्राफिक्सवरचा थोडा खर्च इकडे वळवा.

टायटनफॉल २ (२०१६) मधली ती एक लेव्हल मात्र जरूर खेळा. एका बटणावर तीच इमारत भूतकाळात आणि वर्तमानात बदलते. एका काळात वाट बंद असेल तर दुसऱ्या काळात उघडी, उडी मारतानाच काळ बदलायचा. असं काही करून दाखवा, मी पूर्ण किंमत मोजायला तयार आहे.

खानदेशी
आजोळ, किंमत देऊ हो, पण डाउनलोडचं काय? एका मोठ्या मालिकेचा गेम दोनशे जीबीच्या वर गेला होता. गावात मोबाइलच्या डेटावर खेळणाऱ्याने काय करायचं? एकट्याने खेळायचा भाग वेगळा आणि ऑनलाइनचा वेगळा उतरवू द्या.

रात्रपाळी
हॅकरवर कोणीच बोललं नाही? भिंतीपलीकडचं दिसणारा एक जण असला की दहा जणांची संध्याकाळ वाया जाते. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम, विंडोजच्या गाभ्यात बसतं म्हणून लोक ओरडतात. मला चालतं. सामना स्वच्छ हवा.

बी साइट
मला नाही चालत. त्याच कॉम्प्युटरवर माझं ऑफिसचं काम आणि बँक असते. तपासणी जास्तीत जास्त सर्व्हरवर करा. भिंतीआडचा खेळाडू कुठे आहे हे माझ्या मशीनला गरजेआधी कळवलंच नाही, तर भिंतीपलीकडे बघणाऱ्याला दिसणार काय? पूर्ण बंदोबस्त त्यानेही होत नाही, निशाणा आपोआप धरणारे उरतातच. पण सुरुवात तिथून व्हावी.

जुना नकाशा
शेवटी राहिलेला मुद्दा मी मांडतो: गेम हातात उरला पाहिजे. कॉनकॉर्ड हा ऑनलाइन शूटर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले, पण आवडला असेल त्याने आता खेळायचं कुठे? तसाच एक्सडिफायंट मे २०२४ मध्ये आला, जून २०२५ मध्ये सर्व्हर बंद. उलट डूम या जुन्या शूटरचा सोर्स कोड (गेमचा मूळ प्रोग्रॅम) १९९७ मध्ये आणि क्वेकचा १९९९ मध्ये खुला झाला, म्हणून ते आजच्या मशीनवर आजही चालतात, लोक अजून नवे नकाशे करतात. बंद करायचा तर करा, पण जाताना सर्व्हरचा प्रोग्रॅम खेळाडूंच्या हाती द्या. आम्ही चालवू.

निळी शाई
जुना नकाशा, क्वेक ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर चालेल का?

जुना नकाशा
अगदी आरामात. फक्त एक लक्षात ठेवा, खुलं झालंय ते इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम. लेव्हल आणि आवाजाच्या फाइल्ससाठी मूळ गेम विकत घ्यावा लागतो. घेतलात की इथे लिहा, लॅनवर कसा लावायचा ते सांगतो.