छोट्या विमानाचा लांबचा प्रवास : इंधन किती घ्यावे?

प्रश्न : एका इंजिनाच्या चार आसनी विमानाने प्रथमच लांबचा प्रवास आखत आहे. टाक्या पूर्ण भरल्यास चौघांचे वजन मर्यादेबाहेर जाते. टप्पे कसे ठरवावेत?

उत्तर १ : एव्हगॅसचे (छोट्या विमानांच्या पेट्रोलचे) वजन लिटरमागे सुमारे ०.७२ किलो, म्हणजे २०० लिटरला १४४ किलो भरत असल्याने, इंधन कमी घेऊन टप्पे लहान ठेवणेच मला योग्य वाटते. राखीव साठा मात्र तासाभराचा असावा.

उत्तर २ : वाऱ्याचा हिशेब आधी करा. ११० नॉट (म्हणजे ताशी ११० सागरी मैल) वेगाने ३३० सागरी मैलांना तीन तास लागतात. समोरून २० नॉटचा वारा असल्यास तेच अंतर ३ तास ४० मिनिटांचे होते.

उत्तर ३ : निघण्यापूर्वी प्रत्येक टाकीच्या तळाचे इंधन पारदर्शक पेल्यात काढून अवश्य पाहा, इंधनात शिरलेले पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते.