मिठावरची जकात, कर की अबकारी?

किनाऱ्यावरून: आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या गावच्या वाचनालयात मिठागरातलं जुनं सामान मांडतोय. एक लाकडी फावडं, एक माप, राशीवर घालायच्या झापाचा तुकडा. पाटी लिहिताना अडलो. मी लिहिलं, 'इंग्रजांची मिठावरची जकात'. एक मास्तर म्हणाले, जकात नव्हे, कर. दुसरे म्हणाले, माडीसारखीच ती अबकारी. शिवाय आधी 'जुलमी' घालायचं की नाही, यावर चहा दोनदा झाला. जाणकारांनी सांगावं.

पेणकर आगरी: जकात नाहीच ती, दादा. जकात माल हलला की लागते, नाक्यावर. मुंबईत २०१७ पर्यंत लागत होती तीच. आणि मिठावर खरोखरची जकात हवी असेल तर ती तुमच्याच बाजूला सापडते. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदाराला लिहिलं, की बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा. पोर्तुगीज मुलखातलं मीठ स्वस्त पडून आपल्या मिठागरांचं मीठ पडून राहू नये, हा हेतू. खाणाऱ्याला तीही महागच पडली असेल, पण ती होती इथल्या पिकवणाऱ्यासाठी.

इंग्रजांनी नाका सोडून थेट आगर गाठलं. १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मणामागे आठ आणे, तेही मीठ आगराबाहेर पडण्याआधी. जागोजागच्या जुन्या जकाती उठवल्या, त्याची भरपाई म्हणून हा कर आला. थोडक्यात, जकात मेली आणि तिच्या जागी हा जन्मला. म्हणून पाटीवर 'जकात' लिहिलंत तर उलटाच अर्थ होतो.

(आमच्याकडे नुसतं 'आगर' म्हटलं तरी मिठाचंच. गुहागरकडे आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी. मूळ 'आकर' म्हणजे खाण. बाकी वाद नंतर.)

माडाखाली: अबकारीवाले मास्तर अगदीच चुकीचे नाहीत. आब म्हणजे पाणी. त्यावरून आबकार म्हणजे दारू गाळणारा-विकणारा, आणि त्याच्यावरचा कर ती अबकारी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर माडी काढायला परवाना आणि झाडामागे कर आला. माड आपल्या परड्यातला, चढणारा भंडारी आपला, तरी मडकं बांधण्याआधी सरकारला विचारायचं. मिठाचंही तंत्र तेच, बनतं तिथेच कर. पण मराठीत अबकारी म्हटलं की नशेचा वास येतो. मीठ काय कोणी चैनीला खातं?

तिखटमीठ: 'जुलमी' पाठ्यपुस्तकी वाटतं, खोडाच. आकडा लिहा. १८८८ पासून दर मणाला अडीच रुपये. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, मण म्हणजे चाळीस शेर. शेराला बरोबर एक आणा, आणि हा फक्त कर, मिठाची किंमत वेगळी. सावकाराच्या घरी आणि पेजेवर दिवस काढणाऱ्याच्या घरी आणा तोच. उलट पेजेसोबत खारा बांगडा नाहीतर मिठातली कैरी खाणाऱ्यालाच मीठ जास्त लागतं. आपल्या गुहागरजवळच्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १९०२ च्या अर्थसंकल्पी भाषणात या करावर बोलले. १९०३ मध्ये दर दोन रुपयांवर आला, १९०७ पर्यंत एकावर.

बंदरावर: एक बाजू राहतेय. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारनेच मासे खारवायची आवारं काढली होती, तिथे मीठ स्वस्तात मिळे. तेव्हा सरसकट निर्दय म्हणू नये.

तिखटमीठ: दादा, सवलत द्यावी लागली हीच कबुली नाही का? आणि स्वस्त मीठ आवारातल्या माशापुरतं. तेच मूठभर घरी आमटीला नेलंत तर चोर!

शिरोड्याची नात: 'चोर' वरून आठवलं. आमची आजी जाड्या, मातकट मिठाला 'चोरटां मीठ' म्हणायची. दुकानातून विकत आणलेलं असलं तरी! लहानपणी वाटायचं मिठाची जात असेल. ती गेल्यावर उलगडा झाला. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने बिनपरवाना मीठ करणंच काय, आपोआप साकळलेलं गोळा करणंही गुन्हा होता. खडकाच्या खळग्यात भरतीचं पाणी सुकून मीठ उरतं, ते करवंटीने खरवडलं तरी गुन्हा. त्याआधी इंग्रजांनी पोर्तुगिजांशी १८७८ मध्ये तह करून गोव्यातलं मीठही ताब्यात घेतलं होतं, वर्षाला चार लाख रुपये देऊन. १८९२ मध्ये तो तह संपला. मग तेरेखोल नदीपलीकडचं, म्हणजे गोव्यातलं मीठ पुन्हा परकं, रात्री होडीतून आलं तर चोरटं.

एक आणा कमी की जास्त, यावर वाद होईल. पण समुद्राने दारात टाकलेल्या वस्तूला 'चोरटं' हे विशेषण चिकटवलं, मला अन्याय तिथे दिसतो. १९३० च्या मे महिन्यात मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला लोक मिठागरात शिरले ते आण्याचा हिशेब करून नसावेत. कर उठला १९४७ च्या एप्रिलमध्ये. आजीचा शब्द त्यानंतर चाळीस वर्षं चालला.

किनाऱ्यावरून: सगळ्यांचे आभार. 'जुलमी' खोडलं, मास्तर जरा रुसलेत. पाटी अशी: 'मिठावरचा कर. १८८८ साली शेराला एक आणा.' मापाशेजारी करवंटीत खडेमीठ ठेवतोय, त्याच्या चिठ्ठीवर एवढंच: 'चोरटां मीठ'. ताई, अनुस्वार तुमच्या आजीचा आहे, तसाच ठेवलाय.